मे महिन्याचे लहरी हवामान आणि पेरणीची घाई



मे महिना म्हणजे उन्हाळा, एवढेच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वर्षाच्या बारा महिन्यांत मे महिन्याइतका लहरी महिना दुसरा नाही. एकाच दिवशी देशाच्या एका भागात अंग भाजणारी लू वाहत असते, दुसऱ्या भागात वादळी पाऊस झाडे उन्मळून टाकत असतो, तर तिसरीकडे समुद्रात चक्रीवादळ आकार घेत असते. या महिन्यात आपल्या शेतावर पडणारा पाऊस कोणत्या जातीचा आहे, हे ओळखता आले तर त्याचा मशागतीसाठी चांगला उपयोग करून घेता येतो. ओळखण्यात चूक झाली तर मात्र त्याच पावसाच्या भरवशावर पेरणी होते, पुढे उघडीप पडते आणि दुबार पेरणीचे संकट उभे राहते. बियाणे, खत, मजुरी आणि हंगामाचे मोलाचे दिवस असे चारही बाजूंनी नुकसान होते. म्हणून या लेखात मे महिन्यातील हवामान विभागवार समजून घेऊ आणि त्यावरून आपण काय करावे, काय टाळावे ते पाहू.

मे महिन्यात हवामान का बदलते?

मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या बरोबर डोक्यावरून उत्तरेकडे सरकत असतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तो कोल्हापूर-सांगली परिसरात भर दुपारी थेट माथ्यावर येतो, तर चौथ्या आठवड्यात नागपूर परिसरात. या दिवशी सरळ उभ्या खांबाची सावली पडत नाही. जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते व वर जाते. राजस्थान, पाकिस्तान व उत्तर भारताच्या मैदानावर त्यामुळे हवेचा दाब कमी होतो. हा कमी दाबाचा पट्टाच पुढे समुद्रावरून मोसमी वारे ओढून आणतो.

मात्र मे महिन्यात हे काम अर्धवट झालेले असते. उत्तरेकडून कोरडी व उष्ण हवा येते, बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून दमट हवा येते, आणि हिमालयाच्या बाजूने पश्चिमी चक्रावात अधूनमधून थंड हवा आणतात. या तीन प्रकारच्या हवा जेथे एकमेकींना भिडतात तेथे ढग वेगाने उंच वाढतात. गडगडाट, वीज, सोसाट्याचा वारा आणि कधी गारा असा पाऊस होतो. भिडण्याची जागा रोज बदलते. म्हणूनच एका गावात पाऊस व शेजारच्या गावात धूळ असा प्रकार घडतो.

देशाच्या निरनिराळ्या भागांतील मे महिना

१) राजस्थान व उत्तरेकडील मैदान : येथे लू म्हणजे कोरडे उष्ण वारे वाहतात. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. तापलेल्या जमिनीवर पश्चिमी चक्रावात आला की आंधी म्हणजे धुळीचे वादळ उठते. २ मे २०१८ रोजीच्या अशा वादळांत राजस्थान व उत्तर प्रदेशात शंभरावर माणसे दगावली.

२) हिमाचल व काश्मीरचा डोंगराळ भाग : येथे एप्रिल-मे मध्ये गारपिटीची भीती असते. सफरचंदाची फळे लहान असतानाच गारांनी डागाळतात. म्हणून तेथील बागायतदार झाडांवर गारारोधक जाळ्या ताणतात.

३) बंगाल व आसाम : दुपारनंतर वायव्येकडून येणाऱ्या वादळी पावसाला बंगालात कालबैशाखी म्हणतात. तेथे हा पाऊस शेतकऱ्यांना हवासा असतो, कारण ताग व लवकरच्या भाताची पेरणी त्याच ओलीवर होते. आसामात चहाच्या मळ्यांना या पावसाने नवी पालवी येते.

४) केरळ व दक्षिण कर्नाटक : मार्च ते मे मध्ये होणाऱ्या सरींना आम्रसरी म्हणतात. कॉफीचा फुलोरा मार्च-एप्रिलच्या सरींवर अवलंबून असतो. मे अखेरीस किंवा १ जूनच्या सुमारास केरळात मान्सून पोहोचतो.

५) तमिळनाडू व आंध्र : नैर्ऋत्य मोसमी पावसाची तमिळनाडूत फारशी भिस्त नसते. मे हा तेथे कडक उन्हाळ्याचा महिना असतो. किनाऱ्याला धोका असतो तो उपसागरातील चक्रीवादळांचा.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बंगालात एप्रिल-मे चा वादळी पाऊस हा पेरणीचा पाऊस ठरतो, कारण तेथे एका सरीमागून दुसरी सर थोड्या दिवसांच्या अंतराने येतच राहते. आपल्याकडील वळवाला अशी शिस्त नाही. आज चाळीस मिलिमीटर पडून गेल्यावर पुढचे वीस दिवस तो फिरकणारही नाही. पाऊस दिसायला सारखाच असला तरी त्याच्यामागून काय येणार आहे, यावरच पेरणीचे गणित ठरते.

महाराष्ट्रातील विभागवार चित्र

कोकण : येथे तापमान फार वाढत नाही, पण दमटपणामुळे उकाडा असह्य होतो. किनारी भागात कमाल तापमान ३७ अंशांवर जाऊन ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, तरी उष्णतेची लाट समजतात. मैदानी भागासाठी हीच मर्यादा ४० अंशांची आहे. मे मध्ये हापूस काढणीचा शेवटचा टप्पा असतो. पाऊस झाल्यास फळमाशी व करपा वाढतो. अंदाज पावसाचा असेल तर चौदा आणे तयार झालेली फळे देठासह आधी उतरवून घ्यावीत. अरबी समुद्रातील चक्रीवादळेही याच महिन्यात येऊ शकतात. मे २०२१ मधील तौक्ते वादळ गुजरातेत किनाऱ्यावर आले, पण जाताजाता त्याने कोकणातील आंबा व नारळाच्या बागा झोडपल्या.

पश्चिम महाराष्ट्र : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या भागात वळवाचे प्रमाण चांगले असते. दुपारपर्यंत कडक ऊन, तीन-चार वाजता ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे काळे ढग आणि सायंकाळी पाऊस असा क्रम दिसतो. खरड छाटणीनंतर काडी तयार होत असलेल्या द्राक्षबागेत असा पाऊस झाल्यास कोवळ्या फुटींवर रोग येतात. म्हणून पावसानंतर बागेची पाहणी लगेच करावी.

मराठवाडा : विदर्भापासून मराठवाडा व कर्नाटकामार्गे दक्षिणेकडे जाणारा कमी दाबाचा पट्टा मे महिन्यात वारंवार तयार होतो. त्यामुळे येथे विजांसह वादळी पाऊस व गारा होतात. विजा पडून माणसे व जनावरे दगावण्याचे प्रकारही या भागात दरवर्षी घडतात.

विदर्भ : चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आंबिया बहाराची संत्र्याची फळे लहान असतात. पाण्याच्या पाळीत खंड पडल्यास ती गळतात. आळ्यात गवताचे किंवा कुटाराचे आच्छादन करून पाणी नियमित व थोडे थोडे द्यावे. मृग बहारासाठी ताणावर सोडलेल्या बागेत मात्र अवकाळी पाऊस झाला तर ताण तुटतो आणि फुलांऐवजी नवती फुटण्याची शक्यता असते. अशा बागेत साचलेले पाणी चर काढून ताबडतोब बाहेर काढावे.

खानदेश : जळगाव भागातील केळीला उष्ण वारे व सोसाट्याचे वादळ असा दुहेरी धोका असतो. पश्चिम व दक्षिण बाजूस शेवरी किंवा गजराज गवताची वारारोधक ओळ असावी आणि घड लागलेल्या झाडांना बांबूचा किंवा पट्टीचा आधार द्यावा.

वळीव की मान्सून? ओळखण्याच्या खुणा

हवामान खाते केरळात मान्सून आल्याचे केवळ पाऊस पाहून जाहीर करीत नाही. १० मे नंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस, शिवाय पश्चिमेकडील वाऱ्यांची उंची व वेग आणि ढगांची दाटी अशा सर्व कसोट्या लावल्या जातात. आपल्या शेतावरही याच धर्तीवर काही खुणा पाहता येतात.

• वेळ : वळीव बहुधा दुपारनंतर किंवा सायंकाळी येतो. मोसमी पाऊस दिवसा-रात्री केव्हाही येतो.

• वारा : वळवाआधी वारा पडतो व मग एकदम सोसाट्याचा सुटतो. त्याची दिशा ठरलेली नसते. मोसमी पावसात पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून दिवसरात्र वारा चालू राहतो.

• ढग : वळवाचे ढग डोंगरासारखे उंच व एकाच बाजूला असतात. मोसमी ढग आकाशभर पसरलेले असतात.

• थेंब व गडगडाट : वळवाचे थेंब टपोरे, गडगडाट मोठा व काही वेळा गारा. मान्सून स्थिरावल्यावर गडगडाट कमी होतो व रिपरिप सुरू होते.

• व्याप्ती : वळीव शिवारापुरता असतो. मोसमी पाऊस दोन-तीन जिल्ह्यांत एकाच वेळी असतो.

• दुसऱ्या दिवशीचे ऊन : वळवानंतर पुन्हा कडक ऊन पडते. मान्सूनमध्ये दिवसाचे तापमान खाली येते व खालीच राहते.

यांपैकी एखादी खूण जुळली म्हणून निष्कर्ष काढू नये. चार-पाच खुणा सलग तीन-चार दिवस जुळल्या, तरच मान्सून आपल्या भागात स्थिरावला असे समजावे.

लवकर आलेला मान्सूनही थांबू शकतो

मान्सून लवकर आला म्हणजे पेरणीही लवकर उरकावी, असा समज आहे. दोन वर्षांचा अनुभव यासाठी तपासून पाहण्यासारखा आहे.

सन २००९ मध्ये मान्सून २३ मे रोजी केरळात पोहोचला. लगेच बंगालच्या उपसागरात आयला चक्रीवादळ झाले व २५ मे रोजी ते बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. वादळ ओसरल्यानंतर मोसमी वारे दुबळे झाले. जून महिना देशभर कोरडा गेला आणि संपूर्ण हंगामात सरासरीच्या सुमारे ७८ टक्केच पाऊस झाला. वेळेआधी आलेला मान्सून त्या वर्षी दुष्काळात संपला.

सन २०२५ मध्ये केरळात २४ मे रोजी व मुंबईत २६ मे रोजी मान्सून आला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आहे. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून मुंबईत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. त्याआधी मे महिनाभर राज्यात ठिकठिकाणी वळीव झाला होता. उन्हाळी पिके व काढलेला कांदा भिजला, वाफसा न मिळाल्याने नांगरट-कुळवणी खोळंबली. त्यानंतर मात्र मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची पुढची वाटचाल थांबली. पुढे हंगाम सरासरीच्या १०८ टक्के असा भरला.

दोन्ही वर्षी आगमन लवकर झाले. एका वर्षी दुष्काळ पडला, दुसऱ्या वर्षी भरपूर पाऊस झाला. यावरून आगमनाची तारीख आणि हंगामाचा पाऊस यांचा थेट संबंध जोडता येत नाही हे दिसते. दोन्ही वर्षांत एक गोष्ट मात्र समान होती. ती म्हणजे आगमनानंतर पडलेला खंड. घाईने पेरणी करणाऱ्यास हाच खंड मारक ठरतो.

एका पावसावर पेरणी का करू नये?

मे महिन्याच्या कडक उन्हाने काळी जमीन खोलवर भेगाळलेली व कोरडीठाक असते. अशा भारी जमिनीत २५ मिलिमीटर पाऊस साधारणपणे वरचा १० सेंटिमीटरचा थरच ओला करतो. काही पाणी भेगांतून खाली निघून जाते, तर जोराची सर असेल तर काही उताराने वाहून जाते. त्यानंतर पुन्हा ऊन पडते. या दिवसांत बाष्पीभवनाचा वेग दिवसाला ८ ते १० मिलिमीटर असू शकतो. म्हणजे चार-पाच दिवसांत बियाण्याच्या थरातील ओल उडून जाते.

सोयाबीनच्या दाण्यास उगवणीसाठी त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी शोषून घ्यावे लागते. उगवून वर यायला पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे नेमका कोंब बाहेर पडत असताना ओल संपते. दाणे कुजतात किंवा कोंब वाळतात. जी रोपे वाचतात ती विरळ राहतात. अशा शेतात नांग्या भरून भागत नाही आणि मोडावे तर खर्च बुडतो.

म्हणून कोरडवाहू खरीप पिकांसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच वाफशावर पेरणी करावी. हा पाऊस एकाच वादळी सरीचा नसावा, तर काही दिवसांत मुरलेला असावा.

पाऊस मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सरळ बाजूंचा, तळ सपाट असलेला पत्र्याचा डबा मोकळ्या जागी, झाड व भिंतीपासून दूर ठेवावा. पाऊस थांबताच पट्टी बुडवून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी, वहीत लिहावी व डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी होय.

ओल पाहण्यासाठी शेतात चार-पाच ठिकाणी पहारीने किंवा कुदळीने वीतभर खोल खणावे. तळाची माती मुठीत दाबली असता तिचा लाडू झाला व वरून टाकल्यावर तो फुटला तर वाफसा आहे असे समजावे. लाडूच झाला नाही तर ओल अपुरी आहे. लाडू न फुटता चिकट राहिला तर अजून थांबावे.

थांबल्याने हंगाम हातचा जातो काय, अशी शंका येणे साहजिक आहे. सोयाबीनची पेरणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून १५ जुलैपर्यंत करता येते. मूग व उडीद मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावेत. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ-दहा दिवस थांबल्याने फारसे काही बिघडत नाही. कापसाची पेरणी मे महिन्यात करू नये. लवकर लावलेल्या कपाशीवर शेंदरी बोंडअळीला आधीच खाद्य मिळते व पुढे सगळ्या शिवाराला त्रास होतो.

कोकणात भाताची रोपे तयार करताना मात्र वेगळी रीत आहे. तेथे रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मे नंतर, कोरड्या वाफ्यात धूळवाफ पेरणी करतात. तेथे पाऊस खात्रीचा असतो आणि क्षेत्र लहान असल्याने गरज पडल्यास रोपवाटिकेला पाणी देता येते. ही रीत देशावरील कोरडवाहू पिकाला लावू नये.

वळवाचा उपयोग कसा करून घ्यावा?

१) मशागत : वळवाने ढेकळे विरघळतात. वाफसा येताच कुळवाच्या दोन पाळ्या उताराला आडव्या द्याव्यात. पुढचा पाऊस जागीच मुरतो.

२) तण : पहिल्या पावसाने तण उगवून येते. ते लहान असतानाच कुळवणीने मारावे. पिकातील पुढची एक खुरपणी वाचू शकते.

३) हुमणी : वळवाच्या पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. दिवस मावळल्यावर ते कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर पाला खाण्यासाठी जमतात. रात्री साडेसात ते साडेआठच्या सुमारास फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावेत. ऊस व भुईमुगाच्या मुळ्या खाणारी हुमणी आटोक्यात आणण्याची ही सर्वांत स्वस्त वेळ आहे. मात्र एकट्याने केल्यास उपयोग कमी. गावाने मिळून सलग काही रात्री ही मोहीम करावी.

४) बांधबंदिस्ती : पाऊस पडत असताना किंवा नंतर लगेच शेतातून एक फेरी मारावी. बांध कोठे फुटतो, पाणी कोठे साचते ते दिसते. जूनपूर्वी ती जागा दुरुस्त करावी.

५) बियाणे तपासणी : हे दिवस घरच्या सोयाबीनची उगवण तपासण्याचे आहेत. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेत ठेवून गुंडाळावेत, सावलीत ठेवून ओलसर राखावेत. सातव्या-आठव्या दिवशी चांगले कोंब मोजावेत. असे तीन-चार नमुने घ्यावेत. सरासरी सत्तर किंवा अधिक दाणे उगवल्यास बियाणे योग्य समजावे.

काढलेल्या मालाची व जिवाची काळजी

काढलेला कांदा पूर्ण सुकवूनच चाळीत भरावा. भिजलेला कांदा चांगल्या कांद्यात मिसळू नये. हळद, मका, उन्हाळी भुईमूग वाळवताना ताडपत्री जवळच असावी.

ढग गडगडू लागताच झाडाखाली थांबू नये. जनावरेही झाडाला बांधलेली असतील तर वेळीच सोडून गोठ्यात न्यावीत. पाण्यात उभे राहून मोटार सुरू करणे, लोखंडी अवजारे खांद्यावर घेऊन चालणे टाळावे. पक्क्या घरात आसरा घ्यावा. मोकळ्या रानात सापडल्यास दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे पडू नये. वीज पडलेल्या माणसाला हात लावल्यास धक्का बसत नाही. त्याला ताबडतोब मदत करून दवाखान्यात न्यावे.

कृषी विद्यापीठांच्या हवामान केंद्रांतून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो. तो नियमित पाहावा. देशात मान्सून कोठवर आला याच्या बातमीपेक्षा आपल्या जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज पेरणीच्या दृष्टीने अधिक उपयोगी असतो. हा अंदाज, डब्यात मोजलेला पाऊस आणि वीतभर खोलीवरची ओल या तीनही गोष्टी जुळल्या म्हणजेच पाभर शेतात न्यावी. शेजारच्या शेतात तिफण चालू झाली, एवढ्यावरून आपण पेरणीस लागू नये. तोपर्यंत वळवाच्या ओलीवर मशागत, बांधबंदिस्ती व हुमणीचा बंदोबस्त पूर्ण करून ठेवावा, म्हणजे वाफसा येईल त्या दिवशी पेरणीस एक दिवसाचाही विलंब होणार नाही.